दृष्टी आली, पण दिसते काय?

नेत्रशिबिराच्या समारोपाची बातमी आपल्याकडे एका ठराविक साच्यात लिहिली जाते. इतक्या रुग्णांची तपासणी झाली, इतक्यांवर शस्त्रक्रिया झाली, इतक्यांना ‘दृष्टी परत मिळाली’. यांतील पहिले दोन आकडे मोजलेले असतात. तिसरा मात्र दुसऱ्यावरून गृहीत धरलेला असतो. आयुष्यभर जग पाहिलेल्या आणि उतारवयात मोतीबिंदूने अधू झालेल्या माणसाच्या बाबतीत हे गृहीत बव्हंशी खरे ठरते. परंतु जन्मतःच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन आलेल्या आणि दहाव्या-पंधराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या डोळ्यांवरची पट्टी निघते, प्रकाश आत शिरतो, रंग दिसू लागतात. आणि तरीही आताच हाताने चाचपून पाहिलेली वस्तू समोरच्या दोहोंपैकी कोणती, हे त्याला नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर गेल्या साठ-सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी पुष्कळ अंशी शोधून काढले आहे. ते आपल्या अंधत्वनिवारणाच्या हिशेबात उतरलेले नाही, ही प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे. लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, नेत्रवैद्य नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पण खर्ची पडलेल्या साधनांचा हिशेब मांडायचा आणि पदरात काय पडले ते मोजायचे नाही, ही सवय अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला चांगलीच परिचयाची असते.

डोळा म्हणजे कॅमेरा, ही उपमा शालेय पुस्तकांनी आपल्या मनावर पक्की ठसवली आहे. दृष्टिपटलावर बाहेरच्या जगाची उलटी प्रतिमा पडते, इथपर्यंत ती ठीकच आहे. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. पाटावर बसून समोरच्या ताटाकडे पाहावे. दृष्टिपटलावर उमटते ते लंबवर्तुळ; आपल्याला दिसते ते गोल ताट. तेच लंबवर्तुळ सरळ धरलेल्या अंडाकृती ताटलीचेही असू शकले असते. किंबहुना कोणतीही एक सपाट प्रतिमा असंख्य निरनिराळ्या घनाकृतींची असू शकते. अज्ञाते पुष्कळ आणि समीकरणे थोडी, अशी ही स्थिती आहे; आणि आपण ती क्षणार्धात, नकळत सोडवीत असतो. जे सोडवले जाते ते नुसत्या प्रतिमेतून मिळणे शक्य नाही. उरलेला भाग पाहणाऱ्याने आपल्या पदरचा घातलेला असतो.

त्यातच डोळ्याची काटकसर अशी की कोणत्याही अर्थमंत्र्याला हेवा वाटावा. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारे तंतू मात्र दहा लाखांच्या आसपास. म्हणजे टिपलेले सगळे जसेच्या तसे पाठवण्याची सोयच नाही. निवड करणे भाग आहे. मग पाठवायचे काय? एकसारखी पांढरी भिंत असेल तर तिच्या प्रत्येक ठिपक्याची वर्दी देण्यात अर्थ नाही. भिंत जिथे संपते आणि दार सुरू होते, तिथली वर्दी महत्त्वाची. डोळ्याच्या आतच, दृष्टिपटलातील पेशींच्या जाळ्यात, ही छाननी सुरू होते आणि एकसारखेपण गाळून बदल तेवढा पुढे धाडला जातो.

मेंदूत पुढे काय होते याचा पहिला धागा हाती लागला तो थोडासा अपघातानेच. १९५८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्रातल्या एकेका पेशीचे विद्युत्‌स्पंदन ऐकत होते. काचपट्टीवरील काळे-पांढरे ठिपके पडद्यावर दाखवून तासन्‌तास गेले, पेशी ढिम्म. एकदा काचपट्टी यंत्रात सरकवत असताना मात्र ती एकदम कडाडून बोलू लागली. ठिपक्याशी तिला कर्तव्य नव्हते. पट्टीच्या कडेची फिकट, सरळ सावली पडद्यावरून सरकली, तिला तिने उत्तर दिले होते, आणि तेही ती सावली एका विशिष्ट कोनात कललेली असतानाच. शेजारच्या पेशींचे कोन निरनिराळे निघाले. आकाराचे मूळ द्रव्य म्हणजे ठिपका नसून दिशा असलेली कड होय, हे अशा रीतीने कळून आले. या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

त्याआधी चार वर्षे, १९५४ मध्ये, फ्रेड ॲटनीव्ह या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने निव्वळ तर्काने अशाच निष्कर्षाची वाट धरली होती. आकृतीच्या बाह्यरेषेवरही सर्व बिंदू सारख्या मोलाचे नसतात, असे त्याचे प्रतिपादन होते. रेषा सरळ चालली असेल तर पुढचा बिंदू कुठे असणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. माहिती असते ती रेषा वळते तिथे. आपला मुद्दा पटवण्यासाठी त्याने झोपलेल्या मांजराचे चित्र घेतले, बाह्यरेषा सर्वांत जास्त वळते असे ३८ बिंदू निवडले आणि ते सरळ रेषांनी जोडले. ज्याने ते चित्र पाहिले त्याला मांजर ओळखण्यास प्रयास पडले नाहीत. माहितीचे मोल तिच्या अनपेक्षितपणात असते, हे तत्त्व पुढे अर्थशास्त्रानेही वापरले. त्याचे इतके सुबक उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडेल.

पण सुट्या कडा आणि सुटी वळणे म्हणजे आकार नव्हे. कोणती कड कोणाची, हे ठरवावे लागते. आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीत हा प्रश्न रोज सकाळी दारात सोडवला जातो. ठिपके तेच, पण जवळचे ठिपके नजरेत आपोआप ओळी धरतात, आणि एका ओघात जाणारी रेषा दुसरीला छेदून गेली तरी आपली वाट सोडत नाही. जवळीक, सारखेपणा, ओघ, बंदिस्तपणा हे नियम १९२३ साली माक्स वर्थायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशाच ठिपक्यांच्या आणि रेघांच्या साह्याने मांडले. तो ज्यांचा अग्रणी होता त्या गेस्टाल्ट संप्रदायाचा मोठा आधार म्हणजे हे नियम. १९५५ मध्ये इटलीतील गाएतानो कानिझा याने एक पाऊल पुढे टाकले. एकेक तुकडा कापून घेतलेल्या भाकरीसारख्या तीन काळ्या चकत्या त्याने अशा मांडल्या, की कापलेल्या जागा एकमेकींकडे तोंड करून राहाव्यात. पाहणाऱ्याला मधोमध एक पांढराशुभ्र त्रिकोण दिसतो. त्याच्या कडाही दिसतात. कागदावर त्या कडा नाहीत. तीन चकत्या एकाच वेळी, नेमक्या तशाच कापल्या गेल्या असण्यापेक्षा वर एक त्रिकोण पडलेला असणे अधिक संभवनीय, असा निवाडा आपल्या मेंदूने आपल्याला न विचारताच दिलेला असतो.

ओळखलेला आकार मेंदू साठवतो कसा, यावर मात्र एकमत नाही. आयर्विंग बीडरमन याने १९८७ साली असे मांडले, की नळा, शंकू, वीट अशा सुमारे ३६ साध्या घनाकृती आपण वर्णमालेसारख्या वापरतो. आणि मोजक्या अक्षरांतून जशी सगळी भाषा उभी राहते, तशा या आकृतींच्या जोडणीतून जगातल्या वस्तू ओळखतो. कानाची जागा बदलली की कपाची बादली होते, हे त्याचे उदाहरण सुचक आहे. उलट पक्षाचे म्हणणे असे, की मेंदूपाशी वस्तूची निरनिराळ्या बाजूंनी पाहिलेली काही दृश्येच असतात आणि नवे दृश्य त्यांच्याशी ताडले जाते. शेपर्ड आणि मेट्झलर यांच्या १९७१ च्या प्रयोगात, दोन घनाकृती एकच आहेत की नाही हे सांगण्यास लागणारा वेळ त्यांच्यामधील कोनाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत गेला होता. मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्यास वेळ लागतो, हे त्यातून दिसते. दोन्ही पक्षांत तथ्य असावे. इथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. ही जी जुळवाजुळव मेंदू करतो, ती तो जन्मतः जाणतो की पाहून पाहून शिकतो? हा प्रश्न तीन शतकांहून जुना आहे. डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांनी तो १६८८ साली जॉन लॉक या तत्त्वज्ञापुढे ठेवला, आणि लॉकने आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला स्थान दिले. जन्मांध माणसाला एकाच धातूचे, जवळजवळ सारख्या आकारमानाचे घन आणि गोल हाताने ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर स्पर्श न करता तो त्यांना ओळखील काय? मॉलिन्यूंचे उत्तर ‘नाही’ असे होते, लॉकचेही तेच. प्रश्न मात्र दोघांच्या दृष्टीने काल्पनिकच होता. मॉलिन्यूंच्या पत्नी अंध होत्या, एवढा तपशील त्यामागे आहे.

पुढे १७२८ मध्ये लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी मोतीबिंदू काढलेल्या तेराएक वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या मुलाला सुरुवातीला वस्तूंचे आकार वेगळे काढता येत नव्हते. मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे उचलून चाचपल्यावाचून त्याला कळेना. याच्या उलट वाटणारे उदाहरण इंग्लंडमधील एका बावन्न वर्षांच्या गृहस्थाचे. १९५८-५९ मध्ये बुबुळारोपण होऊन त्याला दृष्टी आली आणि रिचर्ड ग्रेगरी या मानसशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. या गृहस्थाला भिंतीवरचे घड्याळ लगेच वाचता आले, कारण काच नसलेल्या खिशातल्या घड्याळाचे काटे तो आयुष्यभर बोटांनी चाचपत आला होता. रोमन लिपीतली मोठी अक्षरेही त्याला वाचता आली, लहान नाहीत. अंधशाळेत कोरीव अक्षरे शिकवली होती ती फक्त मोठी. पण त्याला आयुष्याचे पहिले दहा महिने दृष्टी होती, हे विसरून चालणार नाही. एकेकट्या माणसांच्या कहाण्यांतून ठाम निष्कर्ष निघत नाहीत तो असा.

मॉलिन्यूंच्या प्रश्नाला अधिक काटेकोर उत्तर मिळाले ते आपल्या देशात, ही गोष्ट अभिमानाची म्हणावी की लाजेची, हे वाचकांनी ठरवावे. ज्या देशांत जन्मजात मोतीबिंदू काही आठवड्यांत हेरला जातो तिथे असा प्रयोग करायला मुलेच मिळत नाहीत. आपल्याकडे ती मिळतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणारे, मूळचे दिल्लीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी या शतकाच्या आरंभी ‘प्रकाश’ हा प्रकल्प सुरू केला. उत्तर भारतातील खेड्यांतून अशी मुले शोधायची, दिल्लीतील श्रॉफ धर्मादाय नेत्र रुग्णालयात त्यांच्यावर उपचार करायचे, आणि त्यांच्या पाहण्याचा मागोवा घ्यायचा, असे त्याचे स्वरूप आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ ते सतरा वर्षांची पाच मुले होती. ठोकळ्यासारख्या साध्या आकृतींपैकी एक आधी दाखवायची किंवा हातात द्यायची, आणि मग दोहोंतून तीच निवडायला सांगायचे. हाताने पाहून हाताने निवडताना १०० पैकी ९८ वेळा बरोबर. डोळ्यांनी पाहून डोळ्यांनी निवडताना ९२ वेळा. हाताने पाहून डोळ्यांनी निवडताना मात्र ५८. नाणेफेक करून निवडले असते तरी पन्नास आलेच असते! मॉलिन्यूंचे उत्तर बरोबर होते. परंतु ज्या मुलांची पुन्हा चाचणी घेता आली त्यांच्यात अवघ्या काही दिवसांत, कोणी मुद्दाम न शिकवता, लक्षणीय सुधारणा दिसली. तत्त्वज्ञानी मंडळींच्या चर्चेत ही दुसरी बाजू नव्हती.

याच प्रकल्पातील २००९ चा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. त्यात तीनच व्यक्ती होत्या. एका चौकोनावर एक वर्तुळ अर्धे चढलेले असे रेखाचित्र दाखवले, तर आपण दोन आकृती म्हणू. या व्यक्ती तीन म्हणत: रेषांनी वेढलेला प्रत्येक तुकडा ही एक स्वतंत्र वस्तू. छायाचित्रातही तेच. गायीच्या अंगावरचा ठिपका ही एक वस्तू, जमिनीवरची सावली ही दुसरी. रंग दिसत होते, कडा दिसत होत्या. कोणती कड कोणाची हा निवाडा तेवढा होत नव्हता. मात्र तीच आकृती हलू लागली की चित्र पालटे. जे तुकडे एकत्र हलतात ते एका वस्तूचे, हे त्यांना कळत होते. आणि वर्ष-दीड वर्षात स्थिर चित्रेही त्यांना बऱ्याच अंशी उलगडू लागली. मेंदू आधी हलत्या जगाकडून धडा घेतो आणि मग तो निश्चल चित्राला लावतो, असे यावरून दिसते. पाळण्यावर चिमणाळे बांधणाऱ्या आजीबाईंना हे कोणी सांगितले असेल कोण जाणे.

ज्यांना यात अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी पहिलीतल्या मुलाला ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे करताना पाहावे, किंवा ‘रव’ आणि ‘ख’ यांत अडखळताना पाहावे. त्याच्या डोळ्यांत दोष नसतो. कोणत्या गाठीला आणि कोणत्या फटीला महत्त्व द्यायचे, ते त्याला अजून ठाऊक नसते. संगणकाचीही अशीच फजिती झाली आहे. २०१९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी मांजराच्या आकृतीवर हत्तीची कातडी चढवून चित्रे केली. माणसे म्हणाली मांजर. लाखो छायाचित्रांवर शिकलेल्या यंत्रांनी बहुधा हत्ती म्हटले. त्यांनी पोत पाहिला होता, आकार नव्हे.

अर्थात सगळेच शिकावे लागते असे नाही. दोन सारख्या रेघांच्या टोकांना उलटसुलट बाण लावले की एक लांब आणि एक आखूड भासते, हा भ्रम सर्वांना परिचित आहे. चौकोनी खोल्यांच्या आणि सरळ रस्त्यांच्या जगात राहून तो जडतो, असे पुष्कळांना वाटे. सिन्हा यांच्याच प्रकल्पात २०१५ साली आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगोलग हे चित्र दाखवले. ती पहिल्याच दिवसांत फसली. म्हणजे मेंदूपाशी काही भांडवल उपजत असते, आणि काही मिळवावे लागते. सीमा कुठे आखायची, हे अजून ठरायचे आहे.

आता हिशेबाकडे वळू. आपला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची मोठी मोहीम झाली आणि तिने लाखो वृद्धांचे उत्तरायुष्य सुसह्य केले. तिचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण तिने एक मोजपट्टीही मागे ठेवली. कार्यक्रमाचे यश आजही मुख्यतः शस्त्रक्रियांची संख्या, विद्यार्थ्यांना वाटलेले चष्मे आणि संकलित नेत्र यांत सांगितले जाते. अंधत्वाची व्याख्या आहे ती ठराविक अंतरावरून बोटे किंवा अक्षरे ओळखण्याची. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेशी मेळ घालण्यासाठी ती सहा मीटरवरून तीन मीटरवर आणली गेली, आणि एकही डोळा न सुधारता पुष्कळ माणसे अंधांच्या गणतीतून बाहेर पडली. व्याख्या काहीही असो, ती मोजते प्रतिमेचा रेखीवपणा. गाय आणि गायीची सावली वेगळी काढता येते की नाही, हे त्या तक्त्यावर कळण्याचा मार्ग नाही.

वृद्धांसाठी ही मोजपट्टी पुरते, कारण त्यांचा मेंदू शिकलेला असतो. मुलांसाठी ती दोन्ही टोकांना अपुरी पडते. एक टोक वेळेचे. दोन्ही डोळ्यांतील दाट मोतीबिंदू जन्मानंतरच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत निघावा, असे नेत्रवैद्य सांगतात; आणि तितक्या लवकर न निघाल्यास काय होते तेही ठाऊक आहे. कॅनडातील हॅमिल्टन येथे २००१ साली अशा मुलांची पाहणी झाली, ज्यांना आयुष्याचे पहिले दोन ते सहा महिनेच आकार दिसले नव्हते. नऊ वर्षांहून अधिक काळ डोळस जीवन जगल्यावरही, चेहऱ्यातील नाक-डोळ्यांमधल्या अंतराचे सूक्ष्म फरक त्यांना नीट टिपता येत नव्हते. तेव्हा दहा वर्षांच्या मुलावरची शस्त्रक्रिया आणि सहा आठवड्यांच्या अर्भकावरची शस्त्रक्रिया अहवालात एकेकच धरली जाते, ही हिशेबाची ढोबळ चूक आहे. हेरणीची यंत्रणा आपल्याकडे कागदावर आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे ज्याचा शुभारंभ झाला त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे. प्रसूतीच्या ठिकाणी आणि पुढे सहा आठवडे आशा सेविकेने घरी जाऊन नवजात अर्भक तपासायचे आहे. बाहुलीत पांढरट झाक दिसते का, हे पाहण्यास उजेड आणि एक मिनिट लागते. गरोदरपणातील रुबेला हे या मोतीबिंदूचे एक कारण असल्याचे ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ सालीच दाखवून दिले होते. त्याविरुद्धची व्यापक लसमोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली.

दुसरे टोक उशीर झालेल्या मुलांचे. ह्यूबेल आणि वीझल यांनीच मांजरीच्या पिलांचा एक डोळा आरंभीचे काही महिने शिवून ठेवला, आणि पुढे उघडूनही त्या डोळ्याला दिसेना. त्यावरून पहिल्या काही वर्षांनंतर उपचार व्यर्थ, अशी समजूत वैद्यकात रूढ झाली आणि मोठ्या मुलांना परत पाठवले जाऊ लागले. ‘प्रकाश’मधील मुलांनी ही समजूत खोटी पाडली आहे. त्यांची दृष्टी पूर्ण निर्दोष होत नाही, रेखीवपणा कमीच राहतो. पण वस्तू आणि वाट ओळखण्याइतके ती शिकतात. लवकर केलेले उत्तम आणि उशिरा केलेलेही वाया न जाणारे, ही दोन विधाने एकत्र खरी असू शकतात. मर्यादित निधीचे वाटप करणाऱ्यांना बहुधा एकच विधान सोयीचे वाटते.

आणि शस्त्रक्रियेनंतर? बारा वर्षांचा मुलगा डोळस झाला की अंधशाळेच्या नियमांत बसत नाही, आणि अक्षरओळख नसल्यामुळे सातवीच्या वर्गात त्याचा निभाव लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे चौथे कलम अशा मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्यास सांगते. ते कलम स्थलांतरितांच्या आणि शाळाबाह्य मुलांच्या संदर्भात आठवले जाते. या मुलांसाठीही ते वापरता येईल. त्या प्रशिक्षणात एकमेकांवर चढलेल्या आकृती ओळखणे, हलत्या वस्तूचा मागोवा घेणे, हातातली वस्तू आणि चित्रातली वस्तू जुळवणे एवढे सुरुवातीला आले तरी पुष्कळ. त्यासाठी लागते ती कार्डांची एक चळत, आठवड्यातले दोन तास आणि समजून घेणारा एक शिक्षक. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत अशा प्रत्येक मुलापुढे शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, सहा महिन्यांनी घेतलेल्या या चाचणीचे फलित आणि त्याच्या शाळेचे नाव असे तीन रकाने आखण्यास तर वेगळी आर्थिक तरतूदही लागणार नाही.